वाटा पडण्याआधीची पेंडी

ज्याला शेत नाही त्यानं कापणीच्या सणाला काय आणायचं, हा प्रश्न आमच्या मंडळीला पिंपरीत आल्यावर पहिल्यांदा पडला. गावी, नगरकडे, तो कुणालाच पडत नसे. तिथं आम्हां ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांना स्वतःची जमीन नव्हतीच, पण दुसऱ्याच्या शेतात का होईना, हात मातीत असायचे. बाजरी निघाली की पहिली पेंडी देवळात यायची. तिच्यासोबत भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की त्या सगळ्याचा तिथंच लिलाव व्हायचा आणि जे येईल ते मंडळीच्या कामाला जायचं. एकाच भोपळ्यासाठी दोन साडू हट्टाला पेटायचे आणि बाकीचे हसून हसून लोळायचे. माझ्या लहानपणी नाताळपेक्षा मला हाच सण आवडायचा, कारण नाताळात गप्प बसावं लागे.

मी लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. कारखाने बोटांवर मोजण्याइतके. आमच्या खोलीच्या मागच्या दारात उभं राहिलं की भोसरीच्या अंगाला नजर जाईल तिथवर ज्वारी, आणि पुढच्या दारातून कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. सकाळी भांडी घासताना मी कधी या दाराशी बसायची, कधी त्या दाराशी. आज त्या भागातून जाताना मला एक ढेकूळ दिसत नाही, आणि खरं सांगते, मी ते शोधत राहते. तेव्हा मात्र मला त्या ज्वारीचा कंटाळा होता आणि भोंग्याचं कौतुक होतं.

खोलीत आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामा म्हणे. जन्मभर त्यांनी पाटलाची जमीन अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, केली होती, आणि आता मुलाबरोबर शहरात येऊन दिवसभर ओट्यावर बसायची पाळी आली होती. नवरा कारखान्यात हेल्पर होता. लेथवर उभं राहणाऱ्या टर्नरला माल उचलून द्यायचा, मशीन पुसायचं, आणि बघून बघून काम शिकायचं. त्याच्या हातात कला होती. स्वभावानं इतका भिडस्त, की बाजारात भाजीवाली दोन वांगी किडकी घालायची आणि हा ती मुकाट घेऊन यायचा. मग मी परत जाऊन भांडायची.

आमची मंडळी म्हणजे वीस-पंचवीस घरं. देऊळ नव्हतं. पूर्वी गोदाम म्हणून वापरलेली एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. सतरंज्या घालायच्या, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पाळकसाहेब खडकीहून गाडीनं यायचे आणि स्टेशनपासून शेडपर्यंत उन्हातान्हात चालायचे. त्यांचा आवडता विषय धन. माणूस देवाची आणि धनाची अशा दोघांची चाकरी करू शकत नाही, हे ते महिन्यातून दोनदा तरी सांगत. उंट सुईच्या नाकातून जाईल पण श्रीमंत माणूस स्वर्गात जाणार नाही, हे प्रभूचं बोलणं आम्हाला फार आवडायचं. आवडायला काय झालं? आमच्यात उंट म्हणावा असा एकच होता, आणि पाळकसाहेबांनी ते वचन काढलं की सगळ्यांच्या माना आपसूक त्याच्याकडे वळायच्या.

तो म्हणजे आमच्याच कारखान्याचा स्टोअरकीपर. कारखान्यात आलेला आणि तयार झालेला सगळा माल त्याच्या ताब्यात. मंडळीत त्याला सगळे स्टोअरसाहेब म्हणत. आज हिशेब केला तर तो बिचारा कसला श्रीमंत? पण त्याच्याकडे रेडिओ होता, दोन खुर्च्या होत्या, आणि एक हिरवी सायकल होती. ती तो उपासनेआधी फडक्यानं पुसून शेडच्या भिंतीला अशी टेकवायचा, जणू तीच वचन ऐकायला आली आहे. त्याची बायको अबोल होती. तिच्या अबोलपणालाही मी माज समजायची. तिच्याकडे दोन रेशमी लुगडी होती, एवढा गुन्हा मला पुरेसा होता.

पिंपरीतल्या माझ्या पहिल्याच कापणीच्या सणाला तिनं कॅम्पातल्या बाजारातून आणलेली भलीमोठी टोपली टेबलावर ठेवली. सफरचंदंसुद्धा होती त्यात. मी चार कांदे आणि एक भोपळा नेला होता, तोही विकतचाच. सगळेच विकतचं आणायचे, करणार काय? माझा भोपळा तिच्या टोपलीमागं झाकला गेला आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षभर थांबलं नाही.

दुसऱ्या वर्षी सणाच्या तीन रविवार आधी पाळकसाहेबांनी हाच विषय काढला. म्हणाले, बाजारातून आणलेला भोपळा ही माळ्याची कापणी आहे, तुमची नव्हे. मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा प्रभूला दिसली, कारण तिनं आपलं स्वतःचं टाकलं. श्रीमंतांनी उरलंसुरलं टाकलं. तुम्ही आता शेतकरी राहिला नाहीत, पण तुमचे हात तर आहेत? त्या हातांनी जे पहिलं निपजेल ते आणा.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्टोअरसाहेबाच्या हातांनी काय निपजणार? वह्या! मंडळीत मात्र धावपळ उडाली. सुतारानं पाट केला, एका बाईनं टोपडं विणलं, कँटीनच्या आचाऱ्यानं घरी पाव भाजून पाहिला आणि तो दगड झाला. आणि नेमक्या सणाच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला स्वतःचं लेथ मिळालं. गुरुवारी त्यानं पहिला नग एकट्यानं काढला. पितळेचा बुश, म्हणजे अंगठा जाईल एवढ्या भोकाची आखूड नळी. संध्याकाळी सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला त्याच्यावर नव्यानं प्रेम आलं.

मामा जेवता जेवता थांबले. "तुझ्या मशिनीवर पयली वस्तू ती झाली म्हन की. मंग तीच देवाची."

"आबा, ती कंपनीची हाय," नवरा म्हणाला. "बाहेर न्हेता येत न्हाई. गेटवर झडती असती. त्या दिवशी एका हेल्परच्या डब्यात पितळेचा चुरा घावला, तर घरी बसवला त्याला."

"आन शेत काय माझं व्हतं?" मामा म्हणाले. "जमीन पाटलाची, बी पाटलाचं. पर खळ्यावर वाटा पडायच्या आधी पयली पेंडी देवाची. पाटलानं कंदी अडवलं न्हाई. कंपनी काय पाटलापरीस मोठी हाय व्हय?"

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात ते खरंच तसं होतं. पण मला कळायला हवं होतं. मी बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकले होते. कारखान्याच्या ट्रेमधला नग आणि खळ्यावरची पेंडी यांतला फरक मला कळत होता. तरी मी म्हणाले, "अहो, त्या हेल्परानं चुरा विकायला नेला होता. तुम्ही देवाला नेताय." हे वाक्य माझं. ते त्याच्या तोंडावर फेकून मी त्याला गप्प केलं, कारण माझ्या डोळ्यांपुढं ती सफरचंदांची टोपली होती. एवढं करूनही त्यानं तो आणलाच नसता, पण बाप आणि बायको दोघं एका बाजूला झाल्यावर तो भिडस्त माणूस काय करणार?

शनिवारी तो बुश डब्याच्या तळाला, उरलेल्या भाकरीखाली घालून घरी आला. कपाळावर घाम होता. मी मात्र आनंदानं चिंच आणि राख घेऊन बसले आणि बुश असा घासला की त्यात माझं नाक दिसायला लागलं.

रविवारी टेबलावर तो बुश मधोमध होता. पाट, टोपडं, तो दगडी पाव, आणि मध्ये हा सोन्यासारखा तुकडा. पाळकसाहेबांनी तो हातात धरून उंच केला. पाखरांना नाही कोठार, तरी देव त्यांना पोसतो, असं म्हणून ते म्हणाले की आपल्या या तरुण भावानं कोठारात न साठवता पहिलं ते देवाला दिलं. माझी मान ताठ झाली. नवऱ्याची खाली गेली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

मग लिलाव. मंडळीतल्या एका पंचानं बुश उचलला आणि पुकारा केला. दुसऱ्या एका कारखान्यातली तीन बिनलग्नाची पोरं एकत्र राहायची. त्यांना तो बुश खोलीच्या दारावर लावायचा होता. त्यांनी रुपया म्हटलं. पुरुषांच्या बाजूनं दोन रुपये असा आवाज आला. तो स्टोअरसाहेबाचा होता. मी वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, मत्सरानं पडला असेल. जसे आपण तसं जग.

पोरांना चेव आला. ती वर चढत गेली, हा मागं हटेना. नेहमीची हसाहस सुरू झाली आणि मग हळूहळू थांबली, कारण आकडा भोपळ्या-अंड्यांचा राहिला नव्हता. पोरांनी खिसे उलटे केले, आपसांत कुजबुजली, आणि तिघांनी मिळून अर्धा पगार बोलून टाकला. तेव्हा स्टोअरसाहेब उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या खिशात आता एवढे नाहीत. मी सायकल देतो."

पोरांनी हात जोडले. त्याची बायको पदरानं डोळे टिपत होती. मी शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाले, "आता फक्त बँड लावायचा राहिलाय." ती फस्सकन हसली. तिनं ते पुढच्या बाईला सांगितलं. दुपारपर्यंत ते वाक्य साऱ्या मंडळीत फिरलं होतं. माझ्या विनोदाचं मला कौतुक वाटत होतं. स्टोअरसाहेब बुश रुमालात गुंडाळून, बायकोला घेऊन पायी घरी गेला. हिरवी सायकल भिंतीलाच राहिली.

सोमवारी नवरा कामावरून आला तो दाराशीच बसला. चपलाही काढल्या नाहीत. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून तो सांगायला लागला. शनिवारी त्याचा माल स्टोअरमध्ये गेला तेव्हा मोजणीत एक नग कमी भरला. फोरमन भडकला. सोमवारी सकाळी लेथवरच्या सगळ्यांना रांगेत उभं करून चौकशी करायची, सापडेल त्याला कामावरून काढून पोलिसांत द्यायचं, असं त्यानं ठरवलं. हे फक्त स्टोअरसाहेबाला ठाऊक होतं. रविवारी पाळकसाहेबांनी बुश उंच धरला आणि त्याला हरवलेला नग समोर दिसला. बोलावं तर भरसभेत माझ्या नवऱ्याला चोर ठरवावं लागलं असतं. बुश पोरांच्या दारावर लागला असता तर गल्लीतून जाणाऱ्या कुणीही तो ओळखला असता.

सोमवारी सकाळी तो स्टोअरसाहेबानं स्वतःच्या डब्यातून गेटच्या आत नेला. फोरमन रांग लावायला निघाला तेव्हा म्हणाला, "नग माझ्याकडं राहिला होता." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फोरमननं सगळ्या कामगारांसमोर त्याची खरडपट्टी काढली. हाताची बोटं मोजता येत नाहीत तर नग काय मोजणार, असलं काहीबाही बोलला. तो मान खाली घालून उभा राहिला. नंतर नवऱ्याला स्टोअरच्या खिडकीशी बोलावून त्यानं हे सारं सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "भाऊ, देवाला द्यायचं ते गेटमधून उघड्या हातानं बाहेर नेता आलं पाहिजे."

तेव्हा मला तिसरा महिना होता. नोकरी गेली असती तर खोली गेली असती, आणि गावी परत जायला आमची जमीन कुठं होती? पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ते बँडाचं वाक्य आता परत घेता येणार नव्हतं.

मामा उठले, पटका बांधला आणि थेट स्टोअरसाहेबाच्या घरी गेले. तासाभरानं परत आले. माफी मागायला गेले होते, पण त्यानं मागू दिली नाही. खुर्चीवर बसवलं, चहा दिला. मामा जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसले होते आणि त्याचीही त्यांना लाज वाटत होती. ते म्हणाले, "म्या इचारलं त्येला, वाटा पडायच्या आधीचं देवाचं, तर हितं वाटा पडतो तरी कंदी? तो म्हनला, पगार हातात आला की तुमचा वाटा पडला, मामा. त्यातलं पयलं द्या." मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "आन येक सांगितलंय. ह्ये कुनाच्या कानावर जाता कामा न्हाई. फोरमनचा संशय गेल्याला न्हाई. कळलं तर ह्येची बी नोकरी जाईल आन त्येची बी."

म्हणून आम्ही गप्प बसलो. सायकल मंडळीनं पाळकसाहेबांना दिली, त्यांची स्टेशनपासूनची पायपीट थांबली. स्टोअरसाहेब मात्र रोज कारखान्यात पायी जायला लागला. आमच्या दारावरूनच त्याचा रस्ता होता. तो दिसला की मी आत पळायची. आणि बायका माझ्याच वाक्यानं त्याची टिंगल करायच्या. "बँडवाले निघाले," म्हणायच्या. एकदा न राहवून मी म्हणाले, तसे नाहीत हो ते. तर सगळ्या खो खो हसल्या. "अगं, तूच तर म्हणालीस!" खरं सांगावं तर नवऱ्याची नोकरी, न सांगावं तर त्या माणसाची अब्रू. मी नोकरी राखली. वर्षभर, दर रविवारी, उजव्या बाजूच्या सतरंजीवर बसून मी ती राखली.

मुलगी झाली. पुढचा कापणीचा सण आला. मंडळी वाढली होती, आमच्या कारखान्यातले आणखी पाच-सहा जण येऊ लागले होते, त्यांत गेटवरचा वॉचमनही होता. या वर्षी सगळ्यांनी पगारातलं पहिलं पाकिटात घालून आणलं होतं. टेबल सुनंसुनं दिसत होतं, मला त्या दगडी पावाचीसुद्धा आठवण आली. पाळकसाहेब हिरव्या सायकलवरून आले, घाम पुसला आणि वचनाला उभे राहिले.

विषय दानाचा होता. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं शिकवलं आहे, म्हणाले. काही लोक मात्र चारचौघांत उभे राहून देतात. बोली लावून देतात. त्यांना लोकांची वाहवा मिळाली, तेच त्यांचं प्रतिफळ. पाळकसाहेब प्रेमळ माणूस, त्यांनी नाव घेतलं नाही, डोळे वर केले नाहीत. नाव घ्यायची गरजच नव्हती. शेडमधली प्रत्येक मान स्टोअरसाहेबाकडे वळली. तो मांडीवर हात ठेवून समोर बघत होता. त्याची बायको माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. ती पोर खेळवावी तशी स्वतःच्या लुगड्याची किनार बोटांनी खेळवत होती. रेशमी नव्हतं ते लुगडं. साधं सुती होतं.

आणि मग पुरुषांच्या बाजूला माझा नवरा उठून उभा राहिला. तो भिडस्त माणूस, ज्याला वांगी परत करता येत नव्हती. "पाळकसाहेब," तो म्हणाला, "मला येक सांगायचंय. मागल्या साली..." वॉचमन मान वर करून त्याच्याकडं बघत होता. मी मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. आणि तरीही आतून मला वाटत होतं, बोल. बोल, राजा. जाऊ दे सगळं.

तेवढ्यात स्टोअरसाहेबानं गायला सुरुवात केली. वचन संपलं नव्हतं, पाळकसाहेबांनी गीत सांगितलं नव्हतं. तो बसल्या जागी डोळे मिटून मोठ्यानं, बेसूर, उपकारस्तुतीचं गीत गायला लागला. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मंडळी गोंधळली, पण गीत सुरू झालं की गावं लागतंच. एकेक करून सगळे गायला लागले, ढोलकीवाल्यानं ठेका धरला, आणि माझ्या नवऱ्याचा आवाज त्यात बुडून गेला. तो तसाच उभा होता, तोंड उघडं. मग मामांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. मामा रडत रडत गात होते.

मला गाता येईना. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं आणि हसत म्हणाली, "बघितलंस? गाण्यातसुद्धा ह्यांनाच पुढं व्हायचं असतं."

मी तिच्याकडं पाहिलं नाही. मी त्याच्याकडं पाहत होते. आमच्या मंडळीतला एकुलता एक श्रीमंत माणूस आमच्यासाठी किती गरीब झाला होता, हे त्या शेडमध्ये आम्हा तिघांशिवाय कुणालाच कळत नव्हतं, आणि त्याला ते तसंच राहायला हवं होतं.